एडवर्डकालीन वेषाची हौशी पुनर्निर्मिती : एक चिकित्सा

१

गतकाळातील कपडे स्वतः बेतावेत, स्वतः शिवावेत आणि ते अंगावर घालून चारचौघांत वावरावे, हा छंद इंग्लंड, अमेरिका व युरोपातील इतर काही देश यांत चांगलाच रुजला आहे. या छंदात ज्या कालखंडांना विशेष पसंती लाभली, त्यांत एडवर्डकाळाचे स्थान वरचे आहे. सातवा एडवर्ड २२ जानेवारी १९०१ रोजी गादीवर आला व ६ मे १९१० रोजी मरण पावला. परंतु वेषाच्या इतिहासात ‘एडवर्डकालीन’ हे विशेषण पहिल्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत, म्हणजे १९१४ पर्यंत, ताणण्याचा प्रघात आहे. ‘माय फेअर लेडी’ (१९६४) या चित्रपटातील सेसिल बीटनची वेषयोजना, ‘टायटॅनिक’ (१९९७) हा चित्रपट आणि २०१० मध्ये सुरू झालेली ‘डाउन्टन ॲबी’ ही दूरचित्रवाणी-मालिका यांनी या काळाचे एक मोहक चित्र सर्वदूर पोहोचविले. रुंद काठाची टोपी, हनुवटीपर्यंत चढणारी गळपट्टी, लेसने भरलेला पांढरा झगा आणि पायाशी उमलणारा त्याचा घोळ हे या चित्राचे ठळक विशेष होत. हे चित्र स्वतःच्या हातांनी उभे करावे असे ज्यांना वाटले, त्यांनी हा छंद वाढविला.

छंदाची चिकित्सा करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. हे कपडे शिवणाऱ्यांकडून साधारणतः तीन गोष्टींचा दावा केला जातो : या उद्योगात आनंद मिळतो, कौशल्य वाढते आणि इतिहासाचे ज्ञान होते. पहिल्या दोहोंविषयी वाद करण्याचे कारण नाही. आनंद ज्याचा त्याला कळतो, आणि सरळ टीप घालता येऊ लागली की नाही हे कापडच सांगते. तिसरा दावा मात्र वेगळ्या जातीचा आहे. शिवून व घालून भूतकाळाचे ज्ञान होते असे म्हटले की ते ज्ञान कोणत्या प्रकारचे, त्याची कसोटी काय व त्याच्या मर्यादा कोणत्या, हे प्रश्न टाळता येत नाहीत. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या दाव्याचाच विचार केला आहे.

२

या छंदामागे अभ्यासाची एक भक्कम परंपरा उभी आहे, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. डॉरिस लँग्ली मूर यांचा ‘द वुमन इन फॅशन’ हा ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांनी आपल्या संग्रहातील अस्सल जुने कपडे जिवंत स्त्रियांच्या अंगावर घालून त्यांची छायाचित्रे दिली होती. त्यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वेषभूषेचे संग्रहालय १९६३ मध्ये बाथ येथे स्थिर झाले. १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये वेषभूषेच्या अभ्यासाला वाहिलेली ‘कॉस्च्यूम सोसायटी’ स्थापन झाली. त्याच वर्षी जॅनेट अर्नल्ड यांच्या ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’ या ग्रंथाचा पहिला भाग निघाला व १८६० ते १९४० या कालखंडाचा भाग १९६६ मध्ये आला. नोरा वॉ यांचा ‘द कट ऑफ विमेन्स क्लोद्स’ हा ग्रंथ १९६८ चा. अर्नल्ड यांनी संग्रहालयातील प्रत्यक्ष कपडे तपासून, त्यांचा प्रत्येक तुकडा मोजून, चौकटीच्या कागदावर प्रमाणबद्ध आराखडे काढले. एखाद्या संस्कृत ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारा संपादक हस्तलिखितातील प्रत्येक अक्षर जसे जागच्या जागी नोंदवितो, तशीच ही पद्धती आहे. पुढच्या शिवणाऱ्यांना या आराखड्यांनी संहिताच मिळवून दिली.

अस्सल कपडे उपलब्ध असताना नवे शिवण्याची गरज का पडली, याचे उत्तर कापडाच्या स्वभावात आहे. त्या काळात रेशमाला वजन व खळखळ यावी म्हणून त्यावर कथिलाच्या क्षारांची प्रक्रिया करीत. असे रेशीम काळाच्या ओघात घड्यांवर चिरत जाते आणि शेवटी हाताच्या स्पर्शानेही त्याचा भुगा होतो. शिवाय अंगावर घातलेल्या कपड्याला घाम, ताण व प्रकाश यांचा उपसर्ग पोहोचतोच. त्यामुळे मूर यांनी अवलंबिलेला मार्ग पुढे त्याज्य ठरला. संग्रहातील ऐतिहासिक वस्त्रे कोणीही अंगावर घालू नयेत, अशीच भूमिका आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या वेषभूषा-समितीने घेतली आहे. मूळ वस्त्र काचेआड गेले आणि त्याची प्रतिकृती शिवणे हाच ते अंगावर अनुभवण्याचा एकमेव मार्ग उरला.

याच नाशाचा आणखी एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. वजनदार केलेले रेशीम नष्ट झाले, पण तलम सुती कापडाचे व लेसचे पांढरे झगे पुष्कळ टिकून राहिले. नित्य वापराचे लोकरी घागरे, कामाच्या वेळी घालायची पोलकी, मोलकरणींचे छापील सुती पोशाख हे झिजेपर्यंत वापरले गेले किंवा उसवून पुन्हा शिवले गेले. साहजिकच आज हौशी मंडळींच्या मेळाव्यात पांढऱ्या झग्यांचे प्राबल्य आढळते. एडवर्डकाळ हा जणू एक दीर्घ, निरभ्र उन्हाळा होता असा जो आभास या मेळाव्यांतून निर्माण होतो, त्याचे एक कारण कपड्यांच्या पेटीत काय उरले यातच आहे.

३

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. आर. जी. कॉलिंगवुड या इंग्रज तत्त्वचिंतकाच्या ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’ (१९४६) या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असा सिद्धांत मांडला आहे की, इतिहासकार भूतकाळातील विचाराची आपल्या मनात पुनरावृत्ती करतो. विचार पुन्हा करता येतो, कारण त्याला तर्काचा सांगाडा असतो. पण संवेदना ज्या क्षणी उद्भवली त्या क्षणाबरोबरच जाते, तिची पुनरावृत्ती संभवत नाही. युक्लिडचा सिद्धांत आज पुन्हा सिद्ध करता येतो. युक्लिडची डोकेदुखी मात्र आज कोणाला अनुभवता येत नाही. कॉलिंगवुडच्या समोर कपडे नव्हते. तथापि हा भेद येथे अतिशय उपयोगी पडतो. शिवण्यात विचार आहे आणि घालण्यात प्राधान्याने संवेदना आहे. म्हणून एकाच छंदाच्या या दोन अंगांचे ज्ञानमूल्य समान मानता येणार नाही.

शिवण्यातील विचार कसा असतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १९०१ ते १९०७ च्या सुमाराच्या छायाचित्रांत स्त्रियांच्या पोशाखाचा वरचा भाग पुढे कबुतराच्या छातीसारखा फुगलेला व सैल दिसतो. केवळ चित्र पाहणाऱ्याचा समज असा होतो की हा कपडाच सैल असावा. अर्नल्ड यांच्या पद्धतीने आखलेला आराखडा पुढे ठेवून जी व्यक्ती तो बेतायला बसते तिला निराळेच आढळते. आत अंगाला घट्ट बसणारे, पट्ट्या घातलेले अस्तर असते. कमरेला आतून एक जाड फीत बांधलेली असते. आणि बाहेरचे तलम कापड या अस्तरावर चुण्या घालून केवळ लोंबत सोडलेले असते. म्हणजे बाहेरचा सैलपणा आतल्या घट्टपणावर तोललेला आहे. अस्तर आधी पुरे न करता वरचे कापड लावू गेल्यास सगळी बेतणी फसते, आणि फसल्यावर मूळ शिवणारीने कोणता क्रम पाळला असला पाहिजे याचा उलगडा होतो. येथे हात जे करतो ते अनुमानच आहे.

लेस जोडण्याच्या क्रियेतही हेच दिसते. लेसची पट्टी अखंड कापडावर ठेवून तिच्या दोन्ही कडांना टीप घालतात. नंतर तिच्याखालचे कापड मधोमध कातरून दोन्ही बाजूंस दुमडतात, आणि मग जाळीतून प्रकाश दिसू लागतो. कापड आधी कातरले तर त्याला ताण पडून ते वेडेवाकडे होते. घागऱ्याच्या कळ्या कमरेशी निमुळत्या व गुडघ्याखाली एकदम रुंद का कातरतात, घोळाच्या आतल्या कडेला ब्रशासारखी फीत का लावतात, या प्रश्नांची उत्तरे शिवताना मिळतात. कळी तशी कातरल्याने कापड नितंबांवर सपाट बसून खाली कर्ण्यासारखे पसरते. फितीमुळे रस्त्याची धूळ मूळ कापडाला लागत नाही व झिजल्यावर फीतच तेवढी बदलता येते.

या संदर्भात भारतीय वेषाच्या अभ्यासाशी तुलना उद्बोधक ठरते. डॉ. मोतीचंद्र यांचा ‘प्राचीन भारतीय वेशभूषा’ (१९५०) आणि डॉ. गो. स. घुर्ये यांचा ‘इंडियन कॉस्च्यूम’ (१९५१) हे दोन ग्रंथ एकापाठोपाठ प्रसिद्ध झाले. प्राचीन काळाची प्रत्यक्ष वस्त्रे जवळजवळ उरली नसल्याने अशा अभ्यासाला शिल्प, चित्र व वाङ्मय यांवर भिस्त ठेवावी लागते. पण अडचण केवळ साधनांच्या अभावाची नाही. न शिवलेल्या वस्त्राचा विचार कातरणीत साठविलेला नसतो. नऊवारी लुगडे पेटीत घडी घालून ठेवले तर ते निव्वळ कापड असते. काष्टा कसा घ्यावा, निऱ्या किती पाडाव्यात, पदर कोठे खोचावा, हा सगळा विचार नेसणारीच्या हातात असतो व तो दररोज सकाळी नव्याने घडतो. तेथे नेसणे हीच निर्मिती होय. एडवर्डकालीन झग्यात मात्र विचार शिवणारीने आधीच पुरा करून ठेवलेला असतो. घालणारीने त्यात फक्त शिरावयाचे. ‘शिवण्यात ज्ञान व घालण्यात संवेदना’ हा भेद म्हणून सार्वत्रिक नाही. शिवलेल्या, आणि तेही दुसऱ्याने शिवलेल्या, वेषाला तो लागू पडतो. हा ‘दुसरा’ कोण होता, हा प्रश्न पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

४

घालण्यातून काहीच कळत नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. हौशी मंडळींच्या प्रयोगांनी काही रूढ समजुतींना चांगलाच धक्का दिला आहे. त्यांतील प्रमुख समजूत कॉर्सेटविषयीची. १९०० च्या सुमारास समोरून सरळ पट्टी असलेला कॉर्सेट प्रचारात आला. पोटावर येणारा दाब कमी व्हावा या आरोग्यविषयक हेतूने त्याचा पुरस्कार झाला होता. त्याच्या प्रसाराशी इनेस गाश-सारोत या वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या फ्रेंच कॉर्सेटकर्तीचे नाव जोडले जाते. या कॉर्सेटने छाती पुढे व नितंब मागे अशी बाकदार आकृती निर्माण झाली. ती केवळ निर्दयपणे आवळूनच साधत असे, असा सर्वसाधारण ग्रह आहे. प्रत्यक्ष शिवून, घालून पाहणाऱ्यांना आढळले की छातीपाशी व नितंबांपाशी घातलेल्या गाद्या आणि झालरी यांचा या आकृतीत मोठा वाटा आहे. भोवतालचे भाग फुगविले की कंबर न आवळताही बारीक दिसते. डॉरिस लँग्ली मूर यांनी अतिशय बारीक कमरेच्या आख्यायिकेला जुन्या कपड्यांची मापे घेऊन आव्हान दिले होते. या प्रयोगांनी त्याला निराळ्या मार्गाने पुष्टी मिळाली. जड घागऱ्यांचे वजन कॉर्सेटमुळे कमरेवर सर्वत्र विभागले जाते, हेही कपडा अंगावर घातल्याखेरीज सहसा लक्षात येत नाही.

परंतु येथेच सावधगिरीची आवश्यकता आहे. कॉर्सेट पाठीला आधार देतो, तो सुखावह आहे, म्हणून त्या काळच्या स्त्रीलाही तो सुखावह वाटत असला पाहिजे, हे अनुमान टिकणारे नाही. आजची हौशी स्त्री स्वतःच्या मापाचा कॉर्सेट स्वतः शिवते, आपल्या इच्छेने तो घालते आणि संध्याकाळी काढून ठेवते. १९०५ मधील पेढीवरची कारकून स्त्री किंवा दुकानातील विक्रेती दिवसभर उभी राहून, बहुधा तयार विकत घेतलेल्या मापाचा कॉर्सेट घालीत असे, व तो न घालण्याचा पर्याय तिला व्यवहारात नव्हता. वस्तू तीच असली तरी अनुभव तोच नाही. इच्छा हा अनुभवाचा घटक आहे, आणि कोणत्याही आराखड्यातून तो उतरवून घेता येत नाही.

एक गोष्ट मात्र घालण्यातूनच स्पष्ट कळते, आणि ती महत्त्वाची आहे. एडवर्डकालीन उंची पोशाखाची बंधने अनेक थरांत असतात. अस्तराचे आकडे मधोमध, वरच्या कापडाचे खांद्यावर व कुशीला, गळपट्टीचे मागे, घागऱ्याचे आणखी निराळे. पुष्कळ झगे पाठीवर बंद होतात. असा झगा पुरा करून तो एकटीने घालू पाहणाऱ्या स्त्रीच्या ध्यानात येते की आपला हात तेथवर पोहोचत नाही. आपण शिवण्यात चूक केली असे तिला आधी वाटते. वस्तुतः चूक नसते. हा कपडा बेततानाच एक दुसरी व्यक्ती गृहीत धरलेली आहे, आणि तिचे स्थान घालणारीच्या पाठीमागे आहे.

५

या निरीक्षणापासून प्रस्तुत चिकित्सेचा मुख्य मुद्दा निघतो. या छंदात शिवणारी आणि घालणारी ही एकच व्यक्ती असते. ज्या समाजातील हा वेष आहे त्या समाजात, निदान उंची पोशाखाच्या बाबतीत, त्या दोन व्यक्ती होत्या. एका दिवाणखान्यात त्या समोरासमोर येत त्या केवळ माप घेण्यापुरत्या. इतके निश्चित अंतर ज्यांच्यात होते त्या दोघींना हौशी स्त्री एकाच देहात आणते. तिच्या कामाचे सौंदर्य या ऐक्यात आहे व तिच्या इतिहासदृष्टीचा धोकाही त्यातच आहे. कारण छायाचित्रात दिसते ती फक्त घालणारी. शिवणारी त्या छायाचित्रात अदृश्य होते, आणि मूळ काळातही तिची नेमकी हीच गती होती.

तिची स्थिती त्या काळी अगदीच अज्ञात होती असे नाही. मे १९०६ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये ‘डेली न्यूज’ या वृत्तपत्राने पिळवणुकीच्या धंद्यांचे प्रदर्शन भरविले. तेथे कामगार स्त्रिया प्रत्यक्ष आपापले काम करीत बसल्या होत्या आणि त्यांना मिळणारी मजुरी प्रेक्षकांना माहितीपुस्तिकेत वाचावयास मिळत होती. पुठ्ठ्यावर आकडे व फासे टाचण्याचे घरगुती काम हे या पिळवणुकीचे एक कुप्रसिद्ध उदाहरण होते. आज हौशी शिवणारी ज्या आकड्यांनी आपली पाठ बंद करते, त्यांचीच ही पूर्वपीठिका होय. पुढे १९०९ च्या ‘ट्रेड बोर्ड्स’ कायद्याने किमान वेतन ठरविण्यासाठी प्रथम जे चार धंदे निवडले, त्यांत तयार कपड्यांची शिलाई होती व यंत्राने विणलेल्या लेसची अखेरची सफाईही होती. अमेरिकेत, ज्या पांढऱ्या पोलक्याकडे नव्या, स्वतंत्र, नोकरी करणाऱ्या स्त्रीचे प्रतीक म्हणून पाहिले गेले, तीच पोलकी शिवणाऱ्या न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी लागलेल्या आगीत १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्थलांतरित कुटुंबांतील तरुण मुली होत्या. मेळाव्यातील पांढऱ्या झग्याच्या बाबतीतही असाच प्रश्न निघतो. तो शुभ्र कोण ठेवी? १९११ मध्येही इंग्लंडमध्ये स्त्रियांना सर्वांत अधिक रोजगार घरकामातच मिळत होता. चुण्याचुण्यांचा, लेसचा तो झगा धुणे, त्याला खळ देणे, इस्त्री करणे हे घरच्या मोलकरणीचे किंवा धोबिणीचे काम होते.

यावर एक सबळ आक्षेप घेता येईल. त्या काळी सर्वच कपडे दुसऱ्याने शिवलेले नव्हते. बटरिक यांच्यासारख्या व्यापाऱ्यांचे मापाबरहुकूम कागदी आराखडे १८६३ पासून मिळू लागले होते, स्त्रियांच्या नियतकालिकांबरोबर आराखडे येत, शिवणयंत्र मध्यम स्थितीच्या घरांत पोहोचले होते. शिक्षिका, टंकलेखिका, दुकानदाराची मुलगी यांनी आपले पोलके व घागरा स्वतः शिवून घातल्याची उदाहरणे विपुल आहेत. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. किंबहुना या छंदाचे खरे पूर्वज तेथेच शोधले पाहिजेत. साधे गडद लोकरी घागरे व धुता येण्याजोगे पोलके शिवणारी हौशी स्त्री १९०८ मधील एका खऱ्या स्त्रीच्या सर्वांत निकट जाते, कारण ती जे दोन्ही करते ते त्या स्त्रीनेही केले होते. तथापि मेळाव्यांत व छायाचित्रांत मान मिळतो तो या वेषाला नव्हे, उमरावांच्या झग्याला. ज्या ठिकाणी पुनरावृत्ती सर्वांत सच्ची होऊ शकली असती, त्या ठिकाणी हौस सर्वांत कमी वळते, ही या छंदातील विसंगती होय.

६

ही विसंगती ज्या एका वस्त्राच्या ठायी अत्यंत तीव्रतेने प्रकट होते, त्याचा भारताशी साक्षात् संबंध आहे. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त लॉर्ड कर्झनने जानेवारी १९०३ मध्ये दिल्लीला दरबार भरविला. त्या वेळच्या राजनृत्याला लेडी कर्झन यांनी जो झगा घातला तो ‘मयूर-वस्त्र’ म्हणून प्रसिद्ध आहे. मोराच्या पिसांची एकावर एक चढत गेलेली नक्षी भारतीय कारागिरांनी जरदोजीच्या कामाने त्यावर भरली. प्रत्येक पिसाच्या डोळ्याच्या जागी एका चकाकत्या हिरव्या भुंग्याच्या पंखाचे कवच बसविले. आणि ते भरलेले कापड पॅरिसला वर्थ यांच्या पेढीकडे जाऊन तेथे त्याचा झगा झाला. आज तो इंग्लंडमध्ये डार्बीशरमधील केडलस्टन हॉल येथे जतन केलेला आहे. जरीचा मूळ झळाळ काळवंडला आहे. भुंग्यांच्या पंखांचा हिरवा रंग टिकून आहे.

या वस्त्राची पुनर्निर्मिती करण्याचा संकल्प इंग्लंडमधील एका कुशल शिवणकर्तीने सोडला होता व त्यासाठी काही वर्षे प्रयत्न चालविले होते. साम्राज्यसत्तेच्या प्रदर्शनासाठीच जे वस्त्र निर्माण झाले त्याचा असा गौरव करावा काय, अशी टीका झाल्यावर २०२१ मध्ये तिने तो उपक्रम थांबविला. टीकेत तथ्य होते, हे मराठी वाचकाला निराळे सांगण्याची गरज नाही. १८९६ पासून मुंबई-पुण्याकडे प्लेगने थैमान घातले होते, १८९९-१९०० च्या दुष्काळात मुंबई इलाखा होरपळून निघाला होता, आणि पाठोपाठ हा दरबार भरला. वस्त्र ही निरुपद्रवी वस्तू नव्हे, याचा प्रत्यय याच एडवर्डकाळात, १९०५ मध्ये, पुण्यात झालेल्या विदेशी कापडाच्या होळीनेही दिला होता.

तरीही उपक्रम थांबविल्याने प्रश्न सुटला, असे मानता येत नाही. मयूर-वस्त्राच्या चर्चेत आजवर लेडी कर्झन यांचे नाव आहे, वर्थ पेढीचे नाव आहे; ज्यांच्या हातांनी ती पिसे भरली गेली ते कारागीर बहुधा एका समूहवाचक शब्दाने उल्लेखिले जातात. झगा पुन्हा शिवला असता तर कौतुक घालणारीच्या वाट्याला गेले असते; न शिवल्याने कारागीर पुन्हा अंधारातच राहिला. या दोहोंपेक्षा वेगळी अशी एक वाट संभवत होती. संपूर्ण झगा अंगावर घालण्याची आकांक्षा सोडून कारचोबावर एकच पीस भरावे, त्याला किती वेळ लागला, किती कलाबतू लागली, डोळे किती वेळात थकले याची नोंद ठेवावी, आणि त्या मापाने सबंध वस्त्रातील श्रमाचा अंदाज मांडावा. असे केल्यास कारागिराचे नाव कदाचित् मिळणार नाही, पण त्याचा काळ मिळेल.

७

या विवेचनाचा निष्कर्ष आता थोडक्यात मांडता येईल. एडवर्डकालीन वेषाच्या छंदातून इतिहासाचे ज्ञान होते, हा दावा शिवण्याच्या बाबतीत बव्हंशी खरा व घालण्याच्या बाबतीत अल्पांशाने खरा आहे. बेतणाऱ्या, कातरणाऱ्या, टाका घालणाऱ्या व्यक्तीचा विचार पुन्हा करता येतो. घालणाऱ्या व्यक्तीचे सुखदुःख पुन्हा अनुभवता येत नाही. फार तर तिच्या वेषाने कोणाकोणाला गृहीत धरले होते एवढे कळते. म्हणून या छंदाने जर खरोखरच कोणाशी नाते जुळत असेल, तर ते ज्या उमरावपत्नीच्या रूपात छायाचित्र काढले जाते तिच्याशी जुळत नसून, जिचे छायाचित्र कधी निघाले नाही अशा शिवणारीशी जुळते.

यावर, छंदावर एवढा नैतिक भार का लादावा, असे कोणी म्हणेल. जुनी शैली स्वीकारू पण जुनी मूल्ये स्वीकारणार नाही, असा निर्धार या वर्तुळातही अलीकडे बोलून दाखविला जातो, आणि तो स्वागतार्ह आहे. परंतु केवळ निर्धाराने मूल्ये वेषापासून अलग होत नाहीत. पाठीवरचा आकडा दासीची आठवण करून देतच राहतो. येथे नीतिपाठाची अपेक्षाही नाही. अपेक्षा आहे ती एका साध्या, या छंदाच्या आवाक्यातील कृतीची. हौशी शिवणारी कापडाचा प्रकार, लेसची रुंदी, कळ्यांची संख्या हे सर्व काटेकोरपणे टिपून ठेवते. तिने तासही टिपावेत. एक वार लेस जोडावयास किती वेळ, एका गळपट्टीला किती, दोन डझन आकडे लावावयास किती, हे तिला प्रत्यक्ष ठाऊक असते, आणि संग्रहालयातील झग्याजवळच्या पाटीवर हा आकडा बहुधा नसतो. क्वीन्स हॉलच्या प्रदर्शनाने नोंदलेल्या मजुरीशेजारी हे तास ठेवले म्हणजे त्या काळच्या एका वेषाची किंमत, ज्यांनी ती दिली त्यांच्या बाजूने, मोजता येईल. वेषभूषेच्या अभ्यासकाला अन्यत्र दुर्मिळ असलेला हा पुरावा हौशी मंडळींच्या वहीत आजही सहज जमा होऊ शकतो, आणि तो जमा झाला तर या छंदाचा तिसरा दावा मान्य करावयास अभ्यासकांना संकोच वाटणार नाही.